शिवगंगेने आरशात काढलेल्या तसबिरी

श्री सिद्धेश्वराला स्मरून मी, गुरुसिद्धप्पा बंडप्पा शेटे, धंदा फोटो काढणे, राहणार उस्मानाबाद, ज्याला आम्ही घरात धाराशिवच म्हणतो, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दम्याने छाती भरते, पण डोके ठिकाणावर आहे. हे माझ्याकडून कुणी दडपणाने लिहवून घेतलेले नाही. दडपण आणतो तो धाकटा भाऊ शांतलिंग, आणि तेही मी याच्या नेमके उलट लिहावे म्हणून.

कलम १. तामलवाडीची वडिलार्जित जमीन, माझ्या हिश्श्यासकट, शांतलिंगाला द्यावी. शेती तो जीव लावून करतो. मला तर घरचे बैलही ओळखत नाहीत.

कलम २. दुकान, मागची राहती खोली, तिपाईसह कॅमेरा, मोठा आरसा आणि ज्यांवरून फोटो छापतात त्या एकूण एक काचा माझी पत्नी शिवगंगा हिच्या मालकीच्या राहतील. हे सर्व माझ्या कमाईचे आहे. आम्हाला मूलबाळ नाही म्हणून भावकीने मध्ये पडू नये. शांतलिंग तोंडावर म्हणतो, "अण्णा, तुमच्या माघारी त्या काचा सोड्यानं घासून खिडक्यांना लावतो बगा." म्हणून त्या काचांवर काय आहे ते इथे लिहितो.

काचा धुता धुता शिवगंगा हे काम शिकली. पण बाईपुढे फोटोला बसणार कोण? मग ती स्वतःच स्वतःपुढे बसली. आधी दुकानातल्या आरशात. नंतर चिंचेने लखलखीत घासलेल्या पितळी घंगाळात. त्यात तिचे गाल फुगलेत, तिपाई फेंगडी झाली आहे आणि ती हसते आहे. येडशी स्टेशनात उभ्या गाडीच्या खिडकीत तिचा चेहरा आणि आत बसलेल्या कुणा म्हातारीचा चेहरा एकावर एक आलेत. मी जन्मभर माणसे खांबासारखी ताठ बसवली. मला हे कधी सुचले नाही. मला तिचा फार अभिमान वाटतो आणि तो सरकारी कागदावर नोंदला जावा, अशी इच्छा आहे.

कलम ३. भांडण झाले ते एका तसबिरीवरून. शिवगंगा आरशासमोर पूजेला बसली होती. आमच्या रिवाजाप्रमाणे डाव्या तळहातावर गळ्यातले इष्टलिंग, उजव्या हातात रबरी फुगा. तो दाबला की कॅमेरा चालतो. ती तसबीर मी दुकानात लावली. शांतलिंग आला आणि ओरडलाच, "वैनी, लिंग उजव्या हातावर? आपल्यात असं कोण धरतंय?" मठातही जाऊन सांगितले. लग्नघरी बायकांचे फोटो काढायला तिला बोलावणी येत होती, ती बंद झाली. मी त्याला त्याचेच लिंग डाव्या हातावर घेऊन त्याच आरशापुढे बसवले. त्याने आपला हात पाहिला, मग आरशातला पाहिला आणि म्हणाला, "अण्णा, आरसाच खोटा हाय तुमचा."

मी शिवगंगेला म्हटले, काच उलटी ठेवून छापतो, लिंग डाव्या हातावर येईल, लोकांची तोंडे बंद होतील. ती म्हणाली, "न्हाय. म्या आरशात दिसले तशी काढली. माजी पूजा मला ठावं हाय. लोकांसाठी मला उलटी करू नका."

तेव्हा ही काच कुणीही उलटी छापू नये. शांतलिंगाला दुकानातला छोटा हातआरसा द्यावा. रोज पूजेला बसताना त्याने तो समोर ठेवावा.

कलम ४. आपल्या रिवाजाप्रमाणे मला बसवून समाधी द्यावी. त्याआधी बसवलेल्या माणसाचा फोटो काढतात, तो शिवगंगाच काढील. तिला आत बायकांत नेऊन बसवू नये, बांगड्या फोडायची घाई करू नये. माझ्या शेजारी मोठा आरसा ठेवावा, म्हणजे कॅमेऱ्यामागची तीही त्यात येईल. आमचा दोघांचा एकत्र फोटो अजून निघालेला नाही. ती रडेल, डोळे पुसून पुन्हा कॅमेऱ्याशी येईल, तोवर जमलेल्यांनी थांबावे. मी काही हलणार नाही.

हे वाचून पाहून, समजून सही केली.
गुरुसिद्धप्पा बंडप्पा शेटे

साक्षीदार:
सिद्रामप्पा इरप्पा कोरे, कापड दुकानदार (सही)
धुरपदाबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम धाराशिव, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८६७, सन १३५५ फसली.