जंतूंची उस्तवार

प्रिय आई,

तुला नमस्कार, आणि बाबांना त्यांच्या पांघरुणावरूनच.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते.

प्रयोगशाळेत आमचं हिवतापावरचं नवं औषध जमलं म्हणून फोनवर सांगितलं होतं, ते विसर. हिवतापाचे जंतू मेले खरे, पण ज्या बशीत औषध नव्हतं, नुसतं ते विरघळवायचं द्रावण होतं, तिथलेही मेले. म्हणजे मारलं द्रावणानेच. आमच्याकडून ते जास्त पडलं होतं. सर म्हणाले, "चला, पुन्हा पहिल्यापासून." जसा काही चहा सांडलाय आणि दुसरा टाकायचाय.

आता नवे जंतू वाढवायचे. त्यांना माणसाचं रक्त लागतं, रोज ताजं खाणं लागतं, उबेच्या कपाटात अंगाइतकी ऊब लागते. रविवारीसुद्धा. जरा हयगय झाली की मरतात मेले. म्हणून रजा नाही.

बाबांचा ताप उलटला, हे मला ताईकडून कळावं? गोळ्या मध्येच सोडू देऊ नकोस, बरं वाटलं की ते थांबवतात. तू झोपतेस ना?

चीड कसली येते सांगू? ज्यांनी बाबांना आडवं पाडलं, त्यांचीच मी इथे उस्तवार करतेय. आणि बाबांना हुडहुडी भरली की पांघरूण घालायला तू एकटी.

तुझी,
धाकटी