अंगठ्याखालचं नाव

सोलापूर, तुळजापूर वेस
बुधवार, ता. ११ मार्च १९३१

कोंडीबानाना यांस रावजीचा रामराम.

पत्राला सव्वा महिना उशीर झाला. झाला कसला, मी केला. पाकीट तेव्हाच आणून ठेवलं होतं, त्यावर आता तेलाचा डाग पडलाय. रोज सकाळी वाटायचं आज लिहू, मग कुणीतरी हाक मारायचं आणि मी सुटल्यासारखा पळायचो. तुमच्या नावामागं काय लावायचं तेही सुचेना. वडिलांना लावतात ते मी तुम्हाला कधी लावलं नाही, आणि आज काम पडलं म्हणून लावलं तर तुम्हीच हसाल. लहानपणी शेजारचे नाना म्हणून हाक मारायचो, तेच ठेवलंय. तुम्ही बाळबोध सावकाश वाचता म्हणून अक्षर मोठं काढतोय. शिवबाईकडून मात्र हे वाचून घेऊ नका, भावाचं हे तिनं वाचायला नको. कालव्याच्या कामावर दुपारची सुट्टी होते तेव्हा एकट्यानं बसून वाचा.

काम शिवबाईच्याच हक्काचं आहे. येत्या सोमवारी पेन्शनच्या कचेरीत आईला उभं राहावं लागेल. त्याआधी तुम्हाला एक सांगायचंय. सांगतो.

मी बरा आहे. शिवबाईचं दिवाळीचं कार्ड पोचलं होतं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं झालंय. आईच्या गुडघ्याचं कसं काय? इथं ऊन आत्ताच कडक झालंय. भोंगा झाला की गिरणीची माणसं घामानं भिजलेली बाहेर पडतात. मी पण तीन महिने गिरणीत होतो, मग सोडली. त्याआधी कुर्डुवाडीला कोळसा उतरवला, बार्शीला कापसाच्या जिनात होतो, मध्ये एका सर्कशीच्या घोड्यांची लीद काढत लातूरपर्यंत गेलो. त्यातला एक घोडा आंधळा होता आणि तोच सगळ्यांत चांगला पळायचा. ते राहू द्या.

आता दीड वर्ष सिद्धप्पांकडे आहे. हे इथले भुसार दुकानदार. लढाईत खेचरांच्या पलटणीत होते, उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही. त्यांची स्वतःची पेन्शन मिळायला सहा वर्षं गेली, म्हणून त्यांनी हे मंडळ काढलं. मंडळ म्हणजे दुकानाची मागची खोली, एक पेटी, एक सायकल आणि आम्ही चौघं. गावोगाव जायचं, लढाईवर गेलेली माणसं नाहीतर त्यांच्या बायका हुडकायच्या, कागद शोधायचे, अर्ज लिहायचा आणि कचेरीत त्यांच्याबरोबर उभं राहायचं. पगार नाही. दोन वेळची भाकरी आणि शेंगाचटणी मिळते, निजायला पोती आहेत. मी एवढा एका जागी कधी टिकलो नव्हतो.

पौषात मोडनिंबाकडं गेलो होतो. एका गावात दवंडी दिली, लढाईवर गेलेल्यांची नावं लिहून घ्यायचीत म्हणून. चावडीवर तासभर बसलो, चिटपाखरू नाही. शेवटी एक म्हातारी आली आणि म्हणाली, "कुनी न्हाय गावात. समदी ज्वारीत जाऊन बसल्याती." का, विचारलं. म्हणाली, "मागं बी असंच दोगं आलं हुतं की, वही घिऊन. नावं लिवली आन् पोरं नेली." पंधरा वर्षं झाली तरी वही दिसली की माणसं लपतात. सिद्धप्पा बांधावर उभे राहून ओरडले, "आरं, न्यायला न्हाई आलो, द्यायला आलोय." आतून उत्तर आलं, "त्ये बी तसंच म्हनत हुतं."

संध्याकाळी भूक लागल्यावर एकेक बाहेर आला. एकानं मेडल आणलं, ते बैलाच्या गळ्यात होतं. म्हणाला, "माज्यापरीस त्येला शोबतं." एकाचा डिस्चार्जाचा कागद छपरात खोवलेला, उंदरांनी मधोमध खाल्लेला. त्याचं नाव शिल्लक होतं, पलटणीचं गेलं होतं. त्याला पलटणीचा नंबर आठवेना, पण बसऱ्याला खजूर कसा मिळायचा ते तो अर्धा तास सांगत होता. मी ऐकत बसलो. आमचे वडील बसऱ्यालाच लढाईत गेले. तो त्यांना ओळखत असेल का, हे विचारायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही. विचारलं नाही.

मग माढ्याच्या अलीकडं एक गोजरबाई भेटली. नवरा लढाईत गेलेला, पेन्शन मधेच बंद पडलेली. मी अर्ज लिहिला, तिला वाचून दाखवला आणि अंगठ्याला शाई लावायला तिचा हात धरला. तिनं हात मागं घेतला.

"तू वाचलास त्येच लिवलंयस कशावरनं?"

मी म्हणालो, "मावशी, मी कशाला खोटं वाचू?"

"तू न्हाय वाचनार बाबा. पर मला काय कळतंय का? तुज्या तोंडाकडं बगून अंगटा द्यायचा व्हय?"

माणसं हसली. सिद्धप्पा हसले नाहीत. त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, दुसऱ्या पोराला वाचायला दिला आणि तेव्हापासून नियमच केला की लिहील त्यानं वाचायचं नाही. त्या दिवशी माझ्या हातून पुढचं काम होईना. पोट दुखतंय म्हणून सांगितलं आणि रेल्वेच्या रुळाकडेनं चालत सुटलो. बार्शी लाइनची ती छोटी गाडी मागून आली. ड्रायव्हरनं विचारलं, बसतोस का? मी नको म्हणालो. कुर्डुवाडीपर्यंत चालत गेलो.

परत आल्यावर सिद्धप्पांनी त्यांच्या कानडी वळणानं विचारलं, "येनप्पा, काय रे बाबा, तुजा बाप पण बसऱ्याचा म्हणतोस. मग घरची पेन्शन कोण घेतं?" मी म्हणालो, बंद झाली, आईनं पाट लावून दुसरं घर केलं. तर ते म्हणाले, "आईची बंद झाली, खरं. बहीण हाय न्हवं लहान? तिच्या नावानं मागायला पायजे होतं. लग्न होईस्तोवर पोरीचा हक्क ऱ्हातो." हे आपल्याला कुणीच सांगितलं नव्हतं, नाना. सात वर्षं गेली. तरी अजून शिवबाईचं लग्न ठरलेलं नाही म्हणून बरं. ठरलं की ही वाटही बंद. सिद्धप्पांनी त्याच आठवड्यात मला अर्ज लिहायला बसवलं. मागच्या मंगळवारी कचेरीतून उत्तर आलं: जुने कागद सापडलेत, सोळा तारखेला, सोमवारी, आईनं समक्ष यावं.

आता तिथं काय होतं ते सांगतो, कारण मी ते पन्नास वेळा पाहिलंय. कारकून जुन्या फाइलीतला एकेक कागद काढतो. मोठ्यानं वाचतो. मग विचारतो, हा अंगठा तुझा का? बाईनं होय म्हटलं की पुढचा. शेवटी अंगठ्याखाली कागद लिहिणाऱ्याचं नाव असतं, तेही वाचतो.

आईची पेन्शन आबासाहेब पाटलांनी कळवून बंद पाडली असं सगळं गाव म्हणायचं. तुम्ही पण म्हणायचात. तुम्ही चावडीवर जाऊन त्यांना जाब विचारलात, त्यांच्या गड्यांनी तुम्हाला खाली पाडलं, वाट्याची जमीन गेली आणि तुम्ही शिवबाईला पाठुंगळी घेऊन अकलूजकडं निघालात. आबासाहेबांनी काही केलं नव्हतं. पाट लागल्याचं त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ते कुठं कळवलं नव्हतं. माणूस म्हणून ते कसे आहेत तो भाग वेगळा.

पेन्शनीसाठी दर सहा महिन्यांनी हयातीचा दाखला जायचा. चौथी झाली होती माझी, म्हणून मीच लिहायचो. आईचं नाव घालायचं, सोजरबाई अमक्याची विधवा, हयात आहे, पाट लावलेला नाही. आई चुलीपासूनच म्हणायची, "न्हेमीचंच लिव." मी लिहायचो, ती अंगठा द्यायची आणि शाई केसाला पुसायची.

त्या वर्षी मी मामाकडं गेलो होतो. आलो तर आईच्या हातात हिरवा चुडा आणि खुंटीला तुमचा पटका. मला कुणी सांगितलं नव्हतं. सतरा वर्षांचा घोडा होतो मी, सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, "ये रावजी, जेवून घे." आमच्याच घरात. मी जेवलो नाही, आणि त्यानंतर तुमच्याशी बोललो पण नाही. महिन्याभरानं दाखला पाठवायची वेळ आली. आई म्हणाली, न्हेमीचंच लिव. मी लिहिलं की पाट लावला, कोणाशी, कोणत्या गावी. आणि तिला मोठ्यानं नेहमीचंच वाचून दाखवलं. तिनं अंगठा दिला. खाली मी माझं नाव लिहिलं. ते लिहावंच लागतं.

मी लिहिलं ते खरं होतं, मग चूक काय, असं सात वर्षं मी स्वतःला सांगत हिंडलोय. कोळशावर सांगितलं, जिनात सांगितलं. पण खरं लिहायचं म्हणून मी ते लिहिलं नव्हतं नाना. मला तुमच्या ताटातली भाकरी काढून घ्यायची होती. ती शिवबाईच्याही ताटातून गेली, हे तेव्हा मनात आलं नाही.

सोमवारी कारकून ते वाचणार. दहा माणसांत, आईच्या तोंडावर. आई न गेली तर शिवबाईचं जातं. मी महिनाभर वाट शोधत होतो की तो एक कागद फाइलीतून गहाळ होईल का. सिद्धप्पांना बोलून दाखवलं तर त्यांनी हातातला तराजू खाली ठेवला. मग म्हणाले, "त्यो कागद न्हाई तर बंद कदी झाली कळत न्हाई. तारीख त्याच्यावरच हाय. पोरीचं त्याच तारखेपासून धरणार." म्हणजे माझ्या त्याच कागदावर तिचा हक्क उभा आहे.

म्हणून तुम्हाला विनंती. आईला निघायच्या आधी हे तुम्ही सांगा. माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हाला सांगायला लावतोय, ज्यांचं वाटोळं केलं त्यांनाच, हे मला दिसतंय. पण तुमचं ती ऐकते. कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा. रागानं सांगितलंत तरी चालेल. सांगून मग तिला शनिवारच्या आत गाडीत बसवा. मी स्टेशनावर येईन, नको म्हणाली तर लांब उभा राहीन, सिद्धप्पा तिला नेतील. फार दमलोय नाना. पोती उचलून माणूस दमतो आणि झोपतो, तसं हे

इथवर लिहिलं आणि दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून उठलो. गिऱ्हाईक नव्हतं. आई आहे.

एकटी आलीय. हातात गाठोडं, पायात धूळ. माझं पत्र जात नाही हे पाहून सिद्धप्पांनी परस्पर कार्ड टाकलं होतं, फक्त तारीख आणि पत्ता. शिवबाईनं वाचून दाखवलं. तुम्ही कामाच्या छावणीवर होता म्हणून तिनं वाट पाहिली नाही, ओळखीच्या गाडीवानाबरोबर मोडनिंबला आली आणि तिथून रेल्वेनं. शिवबाई शेजारणीपाशी आहे. तुम्ही काळजीत असाल म्हणून हे आधी लिहितो, ती सुखरूप पोचली.

मला पाहून म्हणाली, "असा काय बगतूस. पानी दे की आदी." मग म्हणाली, "लई वाळलास." सिद्धप्पांनी पोतं झटकून बसायला दिलं आणि काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर निघून गेले.

"ह्यो कागूद कुनाला?" तिनं विचारलं.

"नानाला."

"त्येंला?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "कदी एक शबुद बोलला न्हाईस त्येंच्यासंगं. आन् येवडं काय लिवलंस?"

मी म्हणालो, तू जेव, मग सांगतो.

ती जेवतेय. मी समोर बसून या शेवटच्या ओळी लिहितोय. तिच्या चार घासांत संपल्या पाहिजेत. जेवण झालं की पहिल्यापासून वाचणार आहे, जे लिहिलंय तेच. वाचून झाल्यावर ती हे पत्र टाकू देईल की चुलीत घालेल, मला माहीत नाही. तुमच्या हातात पोचलं तर समजा, तिनं ऐकलं आणि टाक म्हणाली.

हात धुवायला उठली.

तुम्ही ठेवाल त्या नात्याचा,
रावजी