कानावरची खपली

दि. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली सनस्क्रीनची ट्यूब पोचली. औषधाच्या दुकानात बसणारी बहीण असली की भावाचे असे लाड होतात. पहिल्या दिवशी लावून कामावर गेलो, तर मुकादमाने विचारलं, बोहल्यावर चढायचंय की परांचीवर. सगळे पोट धरून हसले.

क्रीम मात्र फार घट्ट निघाली. आम्हा रंगाऱ्यांना घट्ट माल बघवत नाही. रंगात घालतो तसं तिच्यात पाणी घातलं, डब्यात घोटली आणि अर्ध्या इंची ब्रशने तोंडाला फासली. ब्रश नवा होता, नाक मुरडू नकोस. आता महिनाभर सहज पुरेल. तरीही मान भाजली, ती का ते कळेना.

बाकी सगळं ठीक. डाव्या कानावर गेले तीन महिने एक खपली आहे, पडते आणि पुन्हा धरते. पुट्टी उडून होत असेल. तुझी भावजय उगाच कटकट करते.

आहे तो लोभ वाढता राहू दे.
तुझा रंगारी

दि. ९ मार्च

चि. रंगाऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं तेच कळेना. लोकांच्या भिंतीच्या रंगात कोणी जास्त पाणी घातलं तर तू त्याला घरी बसवतोस, आणि स्वतःच्या तोंडाशी मात्र अशी लबाडी. ट्यूबवरचा पन्नासचा आकडा घट्ट क्रीमचा असतो. पाणी पडलं की त्याचा भरवसा गेला.

दुसरी ट्यूब पाठवतेय. ही घामाने लवकर उतरत नाही, आणि बिनवासाची बघून घेतली, कारण वासाने तुला शिंका येतात. ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलंय ना, म्हणजे भाजणारे आणि आत खोलवर जाणारे, दोन्ही किरण अडवते. दोन बोटांवर लांब रेघ ओढ, तेवढी तोंडाला. मानेला आणि कानांना वेगळी. चढण्याआधी वीस मिनिटं लाव आणि दर दोन तासांनी पुन्हा. ट्यूब उन्हात ठेवू नकोस.

आता मुद्द्याचं. तीन महिने न भरणारी खपली पुट्टीने होत नाही. मला उत्तर लिहिण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. भावजय बरोबर बोलते, तिलाच सोबत ने.

माझा धाक आणि माझी माया, दोन्ही ध्यानात असू दे.
ताई

दि. ६ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. डॉक्टरीणबाईंनी कान बघितला आणि त्याच दिवशी खपली कापून तपासायला पाठवली. पुढचे आठ दिवस जीव टांगणीला लागला होता. एरवी थट्टा करणारा मुकादम माझी शिडी धरून उभा राहायचा.

काल रिपोर्ट आला. खपली बिघडण्याच्या बेतात होती, बिघडली नव्हती. सगळी निघाली. अजून वर्षभर अंगावर काढलं असतं तर कानावर बेतलं असतं, असं बाई म्हणाल्या. काम सोडायला नको, फक्त रुंद काठाची टोपी घालायची आणि सहा महिन्यांनी दाखवायचं. आता रोज सकाळी आमची सगळी टोळी दोन बोटं पुढे करून रांगेत उभी असते. मुकादम सगळ्यात पुढे.

आपल्या घरात आभार मानायची पद्धत नाही, पण मी मानतो. तू दरडावलं नसतंस तर मी गेलो नसतो.

अशीच रागावत राहा, एवढंच मागणं.
तुझा रंगारी

दि. ११ एप्रिल

चि. रंगाऱ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि भर गर्दीत काउंटरवर रडले. गिऱ्हाइकं खोळंबली, खोळंबू देत म्हटलं.

एक गोष्ट मागच्या पत्रात मुद्दाम लिहिली नव्हती. बाबांच्या नाकावरही अशीच खपली होती. तू तेव्हा फार लहान होतास. तेही उन्हात परांचीवरच असायचे. ती खपली मी रोज बघत होते, जेवायला वाढताना समोरच दिसायची, आणि डॉक्टरांकडे चला असं एकदाही म्हटलं नाही. ती पुढे वाढतच गेली. बाबा कॅन्सरने गेले, एवढंच तुला मोठेपणी कळलं.

या वेळी मी म्हटलं, आणि तू गेलास. म्हणून आभार मी मानायचे आहेत, बाळा.

तुझी,
ताई