पाच वाजताचा सूर्यास्त

प्रिय चेलनाजीजी,

दीक्षा घेतल्यापासून तुला बहीण म्हणता येत नाही, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

डिसेंबरात अनुज, सूनबाई पलक आणि त्यांच्या मित्रमंडळींबरोबर अंदमानला गेले होते. बोटीतून बेटं पाहिली. धुळ्याच्या गच्चीवर आईच्या साडीचं शीड बांधून तू मला असाच समुद्र दाखवायचीस.

सूर्यास्तानंतर मी अजूनही जेवत नाही. जळगावच्या जैन स्थानकातलं सूर्योदय-सूर्यास्ताचं वेळापत्रक पर्समध्ये होतं, त्यात सूर्यास्त पावणेसहाचा. मी निवांत बसले. पाचलाच सूर्य बेटामागे गेला, दशम्यांचा डबा तसाच राहिला.

"मम्मी, तुमच्या कागदात अजून वेळ आहे, खाऊन घ्या ना," पलक म्हणाली.

"सूर्य काय जळगावचा कागद वाचून मावळतो?"

सगळे हसले, मीही हसले. मग त्यांच्या प्लेटी आल्या आणि मी पाण्याकडे तोंड करून बसले. शाळेतून यायला उशीर होऊन माझं जेवण राहिलं, की तूही ताटावर बसायची नाहीस. म्हणायचीस, "एकटीला भूक जास्त लागते."

रविवारी पिंपळनेरला तुमच्या दर्शनाला येणार आहे. रांगेत उभी राहून सगळ्यांसारखी "महाराजसाहेब, सुखसाता आहे ना?" एवढंच विचारीन. त्या संध्याकाळी बोटीवर मला फार भूक लागली होती, जीजी. ते इथेच लिहून ठेवते.

तुझ्या शिडाची दोरी धरणारी,
प्रेमू