जावईबापूंना, परशाच्या गोवराविषयी

ता. कुरखेडा, मे १९८८

रा. रा. जावईबापू गुणवंतराव यांना सोमाजी मास्तरचा सविनय जयभीम. तुमची प्रकृती ठीक असावी. ऊर्जानगरातला धूर, राख आणि कंपनीची बस, तिन्ही आपापल्या वेळेवर सुटत असतील. आमच्याकडे तेंदूपत्त्याची तोडणी संपत आली आहे. सगळ्यात आधी लिहायचं ते हे, की तुमचा मुलगा बरा आहे. जेवतो, खेळतो, आणि माझ्या चष्म्याची एक काडी त्याने मोडली आहे. एवढं मनात पक्कं धरा, मगच पुढे वाचा.

तुम्ही हौसेने ठेवलेलं प्रसेनजित हे नाव आमच्या गावाला एका श्वासात म्हणता येत नाही, म्हणून उतरला त्याच दिवशी त्याचा परशा झाला. अंजना त्याला घेऊन माहेरी भावाकडे आली तेव्हा त्याचं अंग तापलेलं होतं. उन्हामुळे असेल म्हणून आम्ही तळपायांना कांदा चोळला. मग तोंडावर पुरळ उठलं आणि आईने कडुलिंबाचा पाला आणून घराचा मांडव केला. (आमच्या मातोश्री बायनाबाई यांनी छप्पन सालच्या दीक्षेनंतर घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीत सोडले, हे त्या तुम्हाला दरवेळी सांगतात. गोवराला 'माता' म्हणायची सवय मात्र त्या टोपलीत मावली नसावी.) "मातेत दवाई नाई देत," असा हुकूम सुटला. शाळेत आरोग्याचा धडा मीच शिकवतो, पण घरात मी अजून पहिलीत आहे.

पुरळ करपलं, ताप उतरला. आईने त्याला पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं, गोड भात केला, गल्लीत वाटला. माता गेली म्हणून सगळे मोकळे झालो. आणि मग ताप परत आला. सोबत खोकला. पोराच्या नाकपुड्या फुलायला लागल्या, आणि श्वास घेतला की फासळ्यांखालची जागा खोल आत जायला लागली. शेजारचा इसरू पुजारी बिब्बा तापवून घेऊन आला. म्हणाला, "डब्बा झाला त्याले, छाती भरली. छातीवर चटका देतो, मोकळा होते." अंजना तुमच्यापुढे मान वर करत नाही ना? तिने चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि म्हणाली, "आधी तुले देतो चटका, मंग माह्या पोराले!" (इसरू भला माणूस आहे. तो इतका दचकला की बिब्बा त्याच्याच बोटाला पोळला, आणि त्यावर औषध अंजनाकडेच मागायला बसला.)

बंडी जुंपली, तर आमचा धुऱ्या बैल नाल्यातल्या गारव्यात बसला तो बसलाच. शेवटी तेंदूपत्त्याचा ट्रक अडवला. केबिनमध्ये एक बकरी होती. मी ती उतरवायला सांगितली, तर ड्रायव्हर म्हणे, "मास्तर, बकरी ठेकेदाराची हाय, तुमी सरकारचे. तुमी वर बसा." मी पत्त्याच्या बोऱ्यांवर, आई आणि अंजना बकरीशेजारी. आईने जपून आणलेला कडुलिंबाचा पाला बकरीने वाटेतच संपवला आणि पदराचा काठही चाखला. पण खरं सांगतो, वर बसून मला पोराचा खोकला ऐकू येत होता, आणि तो थांबला की मी केबिनच्या टपावर थाप मारत होतो.

दवाखान्यातले डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, गोवर जाताना पोराची ताकद घेऊन जातो, मग छातीत दुसरं दुखणं सहज शिरतं. पुरळ गेल्यावर आलेल्या तापाला मातेचा ताप समजू नका. सुया सुरू झाल्या. अंजनाने पोराला उभं छातीशी धरलं, ते खाली ठेवलंच नाही. मी तुम्हाला तार करायला निघालो तर म्हणाली, "त्यायले मशीनवरून सुट्टी नाई भेटत. काऊन जीव टांगणीले लावतं, भाऊ?" मग एका सकाळी परशाने स्पष्ट आवाजात बिस्कुट मागितलं, आणि इतके दिवस न रडलेली तुमची बायको खाली बसून रडली.

आम्ही घरी आलो, तेव्हा आमच्या मायाच्या, रुखमाच्या आणि माझ्या लेकीच्या, अंगावर पुरळ उठलं होतं. आठ महिन्यांची होती, लशीचं वय व्हायचं होतं. या वेळी कुणी पाला आणला नाही. ताप परत आला तसं आम्ही ओळखलं, लगेच निघालो. बैल चालला, ट्रक वेळेवर मिळाला, केबिन रिकामी होती. डॉक्टरांनी जे परशाला दिलं तेच तिला दिलं. यात सांगण्यासारखी गंमत एकही नाही, जावईबापू. काहीच चुकलं नाही, आणि माया गेली.

तुम्हाला आधी कळवलं नाही, राग मानू नये. लहानांना आशीर्वाद.

आपला,
सोमाजी

ता. क. पत्र खरं यासाठी लिहिलं. अंजना जेवत नाही. "दुखणं म्याच आणलं तुमच्या घरी," एवढंच म्हणते. रुखमाच्या समोर येत नाही, मागच्या दाराने ये-जा करते. मी समजावलं, आईने समजावलं, ऐकत नाही. तुमचं ती ऐकेल. मिळेल ती सुट्टी घेऊन या, तिला समजवा आणि दोघांना घरी न्या.

ता. क. २. वरचं सगळं रुखमाला वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. परशा तिच्या मांडीवर होता, तिच्याच हातून पेज खात होता. दुसऱ्या कुणाच्या हातून तो खात नाही. म्हणाली, "जवाईबापूले लिहा, एवढ्यात नोका येऊ. पोराचा खोकला अजून पुरा नाई गेला. अंजनाले मी पाहतो." पत्र खाली ठेवून ती मागच्या दाराशी जाऊन बसली आहे, परशाला घेऊन. तेव्हा सध्या येऊ नये.