मोकळी केलेली जागा

३ मार्च, सोमवार
बसवनगुडीतली खोली झकास आहे. खाली फिल्टर कॉफी, ऑफिस पायी दहा मिनिटांवर. इथे इस्पितळांसाठी औषधाचे पंप बनतात आणि त्यांचा कर्नल, म्हणजे यंत्राचा गाभा, आजपासून माझ्या हातात. पुण्याहून मला बोलावून आणलंय, उगाच नाही. आधीच्यांचा कोड वाचून हसू आलं. शाळेच्या वहीत याहून बरं लिहितात.

१२ मार्च
चाचण्या घेणारे वादिराज निपाणीकडचे. मराठीत निम्मं कन्नड, खिशात चार पेनं. त्यांचं म्हणणं, पेशंटची नोंद पुसली की मेमरीतली तिची जागा मोकळी होते, पण कर्नल कधीकधी जुना पत्ता धरून तिथेच जातो आणि जुना डोस उचलतो. मी चारचौघांत म्हटलं, सी भाषेत कोड लिहायला भीती नाही, अक्कल लागते. सगळे हसले. ते सोडून.

२० मार्च
चाचणीच्या चाळीस हजार फेऱ्यांत दोनदा घडलं म्हणे! ‘दुर्मिळ’ असा शेरा मारून त्यांची लेखी तक्रार बंद केली. वादिराज म्हणाले, "अक्का, स्वल्प थांबा. हे माणसाच्या हाताला लावतात." प्रवचनकार कुठले. पंप रवाना झाले.

९ एप्रिल
अपेंडिक्स. सकाळी ऑपरेशन झालं, यशवंतपूरजवळच्या इस्पितळात. एका हाताला सलाईन, उशाशी आमचाच पंप. दुखू नये म्हणून मॉर्फिन, तासाला एक मिली. सिस्टर कावेरीला सांगितलं, याचा गाभा मी सांभाळते. तिने मान डोलावली. तिला काय कळणार.

दुपारी २.४०
पडद्यावर माझं नाव नाही. चंद्राबाई, वय ७१. तासाला बारा. कावेरी म्हणाली, त्या याच पंपावर होत्या, कॅन्सरच्या, काल गेल्या. नोंद तिने स्वतः पुसली. माझं नाव पुन्हा भरून ती गेली.

२.५५
परत चंद्राबाई. बंद दाबलं. पडदा म्हणतो बंद. मोटर फिरतेय — ऐकू येतेय, जुन्याच पत्त्यावरचा डोस ढकलतेय. कावेरी डोकावून म्हणाली, बंद दिसतंय ना, मग बंदच, मॅडम. गेली.

३.०५
घंटा वाजवली. कोणी नाही. वादिराजना फोन लावला. ते ओरडले, "अश्लेषाक्का, बटण सोडा, सुई काढा आधी!"
दोन नळ्या दिसतात. ओढली ती — दुसरीच — सलाईनची —

३.१०
बोटं जड. ते अजून फोनवर, हाका मारताहेत — श्वास घ्यायचा विसरतेय — वादिराज, तुमची तक्रार मी वाचलीच नव्ह