आश्रुबाचा जोडीदार

मांजरसुंबा, रविवार

सौ. दीपमाला हिस,
स्वहस्ते शर्ट इस्त्री करू लागलेल्या पतीचे सविनय अभिवादन.

प्रकृती उत्तम, भोजन सात्त्विक, म्हणजे बेचव. आपल्या आरोहीचा खोकला गेला का?

येथील मनोरुग्ण पुनर्वसन केंद्रात मी ‘समूहोपचार-नियोजक’ या दिव्य पदी आरूढ आहे. गेल्या सोमवारी जोडीजोडीने गोधडी शिवण्याचा उपक्रम योजिला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच एक ‘कोयता’ म्हणतात, याचे माझ्या विद्वत्तेस विस्मरण झाले. ऊसतोडीतून आलेला रुग्ण आश्रुबा कोणालाच शेजारी बसू देईना.

“माझी जोडीदार माझी बायकू छबुबाई हाय. तिला आणा, मग शिवतो.”

मीच सुई घेऊन सरसावलो.

“तुमी न्हाई चालत, साहेब. तुमी लई बोलता.”

सारे हसले, मीही हसलो आणि त्या भरात छबुबाईला बोलावून घेण्याचे वचन देऊन बसलो.

काल तिचा फोन लागला. एकट्या बाईला मुकादम टोळीत घेईना, म्हणून तिने भावासोबत कोयता लावला आहे. आश्रुबाला न्यायला ती आता येणार नाही. “त्यान्ला सांगू नका,” म्हणाली आणि रडली.

आश्रुबा रोज दाढी करून फाटकापाशी बसतो.

उद्याचा उपक्रम मीच महिन्यापूर्वी निश्चित केला आहे: वर्तुळात बसून प्रत्येकाने मनात दडवलेली एक गोष्ट सांगणे. प्रारंभ नियोजकाने करावा, हा नियमही माझाच.

आईंचे गुडघे कसे आहेत ते कळव. हे पत्र तुला मिळेल तेव्हा मी काहीतरी बोलून बसलेला असेन.

तुझा निरुत्तर,
अजिनाथ